पाचाचे नऊ

१० नोव्हेंबर, सोमवार

सुट्टीनंतरचा पहिला दिवस. अर्धा वर्ग अजून गावाहून परतलेला नाही. उरलेला आलाय, पण डोकं गावीच ठेवून.

नववी ब. पहिल्या सत्राचे बीजगणिताचे पेपर वाटले. माझी जुनी पद्धत. सगळ्यात जास्त मार्कांपासून सुरुवात, नाव मोठ्याने, आकडा मोठ्याने, थेट शेवटच्या पेपरापर्यंत. पहिल्या पाचांना टाळ्या, शेवटच्या पाचांना माझं एकेक वाक्य. सव्वीस वर्षं हेच करतेय. लाज वाटली की पोरं अभ्यासाला लागतात असं मी धरून चालते.

शेवटचा पेपर सायली परबचा. चाळीसपैकी चार. म्हटलं, "सायली, पेपरवर नाव लिहिण्याचे मार्क बोर्ड देत नाही गं." वर्ग हसला. ती आली, पेपर घेतला, घडी घातली, जाऊन बसली. चेहऱ्यावर काही नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. खोटं कशाला लिहू.

११ नोव्हेंबर

हेडबाईंनी मीटिंग घेतली. नववीची यादी हवी. यादी म्हणजे, जी मुलं पुढे दहावीत शाळेचा निकाल पाडतील ती. त्यांच्या आईवडलांना आतापासून बोलावून समजवायचं, की एप्रिलमध्ये दाखला काढा आणि दहावीला मुलाला बाहेरून बसवा, सतरा नंबरचा फॉर्म भरून. मग ते नापास झालं तरी आपल्या शाळेचं नापास नाही. गेटवरचा शंभर टक्के निकालाचा बॅनर शाबूत.

हेडबाई वाईट नाहीत. मी इथे लागले तेव्हा नववीच्या सहा तुकड्या होत्या, आता दोन. ब मध्ये एकतीस मुलं. कांदिवलीत मराठी शाळा चालवून दाखवावी कोणीही. बॅनर उतरला की पुढच्या जूनला एक तुकडी जाणार, तुकडी गेली की एक शिक्षक सरप्लस. सगळ्यात ज्युनियर म्हणजे कांबळे सर, इतिहासवाले. त्यांची मुलगी आत्ता पहिलीत आहे.

सात नावं दिली मी. पहिलं सायलीचं. लिहिताना काहीच वाटलं नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

तीन दिवस जोगेश्वरीला ट्रेनिंग. विषय: वर्गात मुलांना प्रेरणा कशी द्यावी. शिकवणारा मुलगा माझ्या निम्म्या वयाचा, हातात माइक. सगळ्या शिक्षकांना उभं करून 'मी करू शकते' म्हणायला लावलं. माझे गुडघे धरलेत, मी बसूनच 'करू शकते' म्हटलं. जेवण झकास होतं.

मी टिंगल करतच बसले होते. पण आज शेवटी तो एक बोलला. ज्या मुलाला कधीच यश मिळालेलं नाही, त्याला त्याची चवच माहीत नसते. आधी छोटंसं यश त्याच्या हातात द्या, मग तो स्वतःहून पुढे येईल. आणि गणित त्याच्या घरच्या आयुष्याशी जोडा.

परत येताना रिक्षात आठवत बसले. माझ्या वाक्याची लाज वाटून शेवटच्या पाचांतलं कोण वर आलं? सव्वीस वर्षांत एक तरी नाव. कांदिवली मागे गेलं, बोरिवली आलं, नाव काही सापडेना.

२५ नोव्हेंबर

घरच्या आयुष्याशी जोडून पाहिलं. फजिती.

गुणोत्तर चालू होतं. सायली परब म्हणजे मालवणकडची, मालवण म्हणजे मासे, असा माझा हिशोब. "सायली, समज तुझ्या आईने आठ बांगडे आणले आणि ते—"

"बाई, आम्ही मासे आणत नाही. मला अ‍ॅलर्जी आहे. अंगावर पित्त उठतं."

वर्ग फुटला. मग चौकशी केली तर आई पार्लरमध्ये कामाला. वडील मढला, शूटिंगला भाड्याने देतात त्या बंगल्यांपैकी एकाची देखभाल बघतात, आठवड्यातून एकदा घरी. पाच महिने ही मुलगी माझ्यासमोर बसते आणि मला तिच्याबद्दल आडनावापलीकडे काही ठाऊक नव्हतं.

४ डिसेंबर, गुरुवार

चाचणीचे पेपर तपासले. वीस मार्कांची, पास व्हायला सात. सायलीला पाच.

पाच! चारावरून पाच नाही, तेव्हा चाळीसपैकी होते, हे वीसपैकी. म्हणजे प्रयत्न केलाय पोरीने. आणि वर्गात काय सांगणार, तरी नापासच?

तो माइकवाला आठवला. पाचाचे नऊ केले. आतले मार्क तसेच, फक्त वरच्या चौकटीत नऊ, कोणाला कळतंय. खाली लिहिलं, 'छान प्रगती!' उद्गारचिन्हासकट. आयुष्यात मी कोणाला उद्गारचिन्ह दिलेलं नाही.

संध्याकाळी भाजी चिरताना मी गुणगुणत होते म्हणे. माझा नवरा दिलीप म्हणाला, "काय गं, रिटायरमेंटचे कागद आले की काय?"

५ डिसेंबर

आज क्रमाने वाटले नाहीत. मधेच सायलीला उभं केलं, "वीसपैकी नऊ! टाळ्या!" वर्गाने वाजवल्या, जरा बावचळून. ती पेपर घेऊन गेली आणि पेन्सिल काढून त्याच्यावर वाकली. मला वाटलं, चुका दुरुस्त करतेय. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

८ डिसेंबर, सोमवार

सायलीने हात वर केला. वर्षातला पहिला. मी अगदी कौतुकाने, "बोल बेटा."

"बाई, तुमची बेरीज चुकलीये. पाच होतात."

एकतीस डोकी माझ्याकडे. बेरीज चुकायची नाही हा माझा दिमाख, सगळ्या शाळेला माहीत. एक क्षण वाटलं, म्हणावं हो चुकली, संपलं. तेही तोंडातून निघेना.

"दिलेत ना मार्क? बस खाली."

"पण बाई, मी परत परत—"

"बस म्हटलं ना!"

बसली. मधल्या सुट्टीत तिच्या बाकावर पेपर पडला होता. नऊवर काट मारलेली. शेजारी पेन्सिलने पाच.

आगाऊ कार्टी. हिच्यासाठी मी आयुष्यात पहिल्यांदा खोटेपणा केला, आणि ही मलाच वर्गात उघडं पाडते. रागाने दुपारचा डबा तसाच परत आणला.

९ डिसेंबर

कांबळे सरांना सांगितलं. वाटलं माझी बाजू घेतील. चहा ओतता ओतता म्हणाले, "बाई, मला शाळेत असताना एका सरांनी असेच मार्क दिले होते. 'तुमच्यातल्याला एवढे पुरे' म्हणाले. प्रेमाने म्हणाले हो, अगदी प्रेमाने. मी अजून विसरलो नाही."

मी म्हटलं, माझ्या मनात तसलं काही नव्हतं.

"त्यांच्याही नसेल," म्हणाले, आणि तासाला गेले.

१२ डिसेंबर, शुक्रवार

चार दिवस सायलीची वही कोरी. फळ्याकडे बघतही नाही. आज शाळा सुटल्यावर जिन्यात गाठलं.

"एवढं काय झालं गं? मार्क जास्तच दिले होते, कमी नाही."

एकदम सुटली. जसं आठवतंय तसं लिहिते.

"बाई, आतले सगळे मिळून पाचच होतात आणि वर नऊ. तिसरा तर मी लिहिलाच नाहीये. मागच्या वेळी चार दिलेत तेव्हा निदान वाचला होतात पेपर."

आणि मग, "आईला बोलावलं होतं ऑफिसात. यादीत माझं नाव आहे. तुम्हीच दिलंय ना? मग छान प्रगती कशाला लिहिता?"

मी विचारलं, तुला काय हवंय. मला वाटलं म्हणेल काही नको.

"मला इथूनच बसायचंय दहावीला. सगळ्यांबरोबर. बाहेरून नाही. हॉलतिकिटावर आपल्या शाळेचं नाव पाहिजे."

जिना उतरून गेली. मी कठडा धरून उभी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते शरमेचं होतं. हिला पास करावं असं मला वाटलं होतं, ही पास होईल असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

१५ डिसेंबर, सोमवार

सांगून टाकलं. जे वर्गात केलं ते वर्गातच निस्तरायचं. पहिल्या तासाला उभी राहिले आणि म्हटलं, सायलीची बेरीज बरोबर आहे. मी चार मार्क उगाच वाढवले. तिने मागितले नव्हते, चूक माझी.

मला वाटलं होतं शांतता पसरेल. छे! आधी आर्यन उठला, पहिल्या नंबरवाला. चेहरा पांढरा. "बाई, माझे एकोणीस तरी खरे आहेत ना?"

मग वाट लागली. "बाई, माझे आठ?" "बाई, मला सात आहेत, बरोब्बर सात, ते कसे काय?" सगळे पेपर घेऊन टेबलाभोवती. मी ओरडतेय बसा, कोण बसतंय. पूर्ण तास बेरजा तपासण्यात गेला. दोघांच्या खरोखरच चुकलेल्या निघाल्या, एकाची एकाने कमी, एकीची दोनाने जास्त. सव्वीस वर्षं बेरीज न चुकणाऱ्या वैद्यबाई.

सायली तेवढी जागेवर बसून होती. हसत नव्हती, पण वही उघडी होती.

१७ डिसेंबर

व्हायचं तेच झालं. दोन पालकांची तक्रार. हेडबाईंनी दार लावून घेतलं.

"वैद्यबाई, मार्क थोडेफार सगळेच इकडेतिकडे करतात. वर्गात उभं राहून सांगतं का कोणी? आता प्रत्येक पेपरला लोक भिंग लावून बसतील."

"लावू देत," म्हटलं. सायलीचं नाव यादीतून काढा असंही म्हटलं.

"कशाच्या जोरावर? पाच मार्कांच्या?"

बरोबरच बोलल्या. पार्लरवाल्या आईला त्यांनी आधीच सांगून टाकलंय, सतरा नंबर भरा, पोरीच्या डोक्यावरचं ओझं जाईल. आई तयारही आहे.

६ जानेवारी, मंगळवार

नवी पद्धत. ट्रेनिंगमधली नाही, गरजेपोटी निघालेली. पेपर वाटताना आकडा वाचत नाही. मी प्रत्येक पायरीला मार्क देते, बेरीज करत नाही. बेरीज ज्याची त्याने करायची, पटलं नाही तर माझ्यासमोर येऊन भांडायचं, पण पायरी दाखवून. पुढच्या आठवड्यापासून एकमेकांच्या वह्यासुद्धा तपासायच्या.

पहिल्या दिवशी मासळीबाजार. शेजारच्या वर्गातून निरोप आला, आवाज कमी करा.

१४ जानेवारी

काल सायलीकडे आर्यनची वही गेली होती तपासायला. पूर्ण बरोबर सोडवलेल्या उदाहरणात तिने गोल केला. "ही ओळ इथून इथे कशी आली? मधली पायरी नाही."

आर्यन म्हणाला, मनात केली.

"मग मार्कपण मनात घे."

वर्ग हसला, मीही हसले, आणि त्या पायरीचा मार्क कापला. मग विचार केला तर तिला ती पायरी खरंच कळलेली नव्हती. ती चूक काढत नव्हती, विचारत होती. इतकी वर्षं अशा मनातल्या पायऱ्यांवरून लोक पुढे गेले असणार आणि ही मागे राहिली असणार. मी किती ठिकाणी 'म्हणून' लिहून पुढे जाते, देव जाणे.

शाळा सुटल्यावर वीस मिनिटं बसायचं ठरलं. तिनेच विचारलं. म्हणाली, "तुम्हाला वेळ असेल तर," आणि मी नाही म्हणेन अशी तयारी ठेवून उभी राहिली.

२२ जानेवारी, गुरुवार

वर्ग तिला इन्स्पेक्टर म्हणतो. तिच्याकडे वही द्यायला कोणी तयार नाही. तिला त्याचं वाईट वाटतं, दाखवत नाही.

चाचणी झाली. वीसपैकी सहा. तिने स्वतः बेरीज केली, दोनदा केली, मला दाखवून गेली. सहा, म्हणजे अजून नापास. मी काही बोलले नाही, 'छान' तर मुळीच नाही. फक्त म्हटलं, चौथ्यात कंस सोडवताना वजा विसरलीस. "हो, ते कळलं," म्हणाली.

३० जानेवारी

आज माझ्या तोंडून 'मठ्ठ' गेलं. एकच गोष्ट पाचव्यांदा समजावत होते. समीकरण दुसऱ्यातून वजा करायचं तर सगळ्या पदांची चिन्हं बदलतात, ही पहिल्या पदाचंच बदलते. गुडघा ठणकत होता, बसची वेळ झाली होती, आणि गेलं तोंडून.

तिने दप्तर भरलं. "उद्या येऊ की नको?" असं विचारलं. रागाने नाही, नुसतं माहिती म्हणून. मी म्हटलं ये. सॉरी म्हणायला हवं होतं, नाही म्हटलं.

३ फेब्रुवारी

आली नव्हती दोन दिवस. आज आली. ताप होता म्हणाली. असेलही. मी सॉरी म्हटलं. ती "बरं" म्हणाली आणि वही उघडली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सायली, वीसपैकी आठ.

मी टाळ्या वाजवायला सांगितल्या नाहीत. कोणी वाजवल्याही नाहीत. तिने बेरीज केली, शेजारच्या मुलीकडून करून घेतली, मग परत स्वतः केली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "बरोबर आहेत."

मला फळ्याकडे तोंड करून डस्टर शोधावं लागलं. ते हातातच होतं.

१२ मार्च, गुरुवार

हेडबाईंकडे पुन्हा गेले, सहा नि आठ घेऊन. त्यांनी नीट ऐकून घेतलं, हे खरं. मग म्हणाल्या, वार्षिकला चाळीसपैकी चौदा आणू द्या. आणले तर दहावीत घेऊ. नाही आणले तर त्याच दिवशी दाखला आणि सतरा नंबर, त्यावर परत चर्चा नको. बीजगणितात अडलं की अडलं.

सायलीला जसंच्या तसं सांगितलं. तिने विचारलं, "चौदा म्हणजे नक्की चौदा ना? तेरा झाले तर?"

म्हटलं, नक्की चौदा.

८ एप्रिल, बुधवार

बीजगणिताचा पेपर झाला. मी दुसऱ्या वर्गावर सुपरव्हिजनला. सुटल्यावर गेटशी दिसली, मैत्रिणींबरोबर उभी होती. विचारलं नाही, कसा गेला. तिनेही सांगितलं नाही. नुसतं हात केला.

१६ एप्रिल, गुरुवार

सायली बाकी सगळ्या विषयांत पास. भूमितीत पंधरा, ते दुसऱ्या बाईंनी तपासले.

माझ्याकडे बारा.

तीनदा तपासला. पहिल्यांदा नेहमीसारखा, दुसऱ्यांदा मायेने, तिसऱ्यांदा चक्क चोरासारखा, कुठे दोन मार्क लपलेत का बघत. बाराच.

दोन मार्क. शाळेतला कोणीही शिक्षक डोळे मिटून देईल. हेडबाईंना कळणार नाही. कळेल ते फक्त तिला. आणि खरे बारा लिहिले तर हेडबाईंना हवं तेच मी करून देते, माझ्याच हाताने पोरीला बाहेर घालवते. कसला हा प्रामाणिकपणा? कोणाच्या उपयोगाचा?

दिलीप म्हणतो, दे आणि मोकळी हो. त्याचं काय चुकलं?

बेरजेची चौकट रिकामी ठेवलीये.

१८ एप्रिल, शनिवार

मायलेकींना बोलावून घेतलं होतं. स्टाफरूम रिकामी होती. आई पार्लरमधून मधल्या वेळेत आलेली, हाताला मेंदीचा वास.

बारा झालेत म्हटल्यावर आई खुर्चीतच पुढे सरकली. इतका वेळ शुद्ध बोलत होती, ते सुटून मालवणी आलं. "बाई, दोन मार्कांसाठी माझ्या चेडवाचा वर्स फुकट जायत. घाला हो दोन. तुमच्या हातात आसा."

मी काय करावं? सायलीकडे वळले आणि विचारलं, "तू सांग, किती लिहू?"

विचारलं आणि जीभ चावली. माझं ओझं मी पोरीच्या डोक्यावर टाकलं. इतकी भ्याड मी कधी नव्हते.

ती म्हणाली, "पेपर बघू?"

दिला. बसली. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. आई पदराने कपाळ पुसतेय, मी घड्याळाकडे बघतेय. मग बोट ठेवलं. "बाई, इथे खाली 'मागे पहा' लिहिलंय. शेवटच्या पानावर उरलेलं आहे. हे तुम्ही तपासलंच नाही."

खरंच की. शेवटच्या पानावर, कच्च्या कामाच्या खाली, सहा ओळी. गुणोत्तराचं उदाहरण, पूर्ण, नीट. दोन मार्कांचं. तीन वेळा तपासून मी ते पान उलटलं नव्हतं. कच्चं काम समजून सोडलं.

चौदा!

आईने दोन्ही हात जोडले, मला की देवाला कळलं नाही. मी पेन उचललं. खरे चौदा, तिचे स्वतःचे. मला ओरडावंसं वाटत होतं.

"थांबा," सायली म्हणाली.

पाचवा प्रश्न. दोन समीकरणं. उत्तर बरोबर आलेलं, मी तीनपैकी तीन दिलेले. "इथे मी वजा करताना चिन्ह चुकवलंय. आणि खाली परत चुकवलंय. दोन्ही चुका एकमेकींत गेल्या, म्हणून उत्तर बरोबर आलं. ही पायरी चूक आहे. तीन नाही होत, दोन."

पाहिलं. तीच चूक, जिच्यासाठी मी तिला मठ्ठ म्हटलं होतं. आता ती स्वतः बोट ठेवून दाखवत होती.

"गप रव गो!" आई उभीच राहिली. "तुका कोणी विचारल्यान?"

मी म्हटलं, उत्तर बरोबर आहे, परीक्षकाने पूर्ण मार्क दिले तर चालतं. तसं चालतं, खोटं नाही ते.

सायली माझ्याकडे वळली. "मग तुम्ही आर्यनला का नाही दिले, पायरी नव्हती तेव्हा?"

आई रडायला लागली. आणि मग सायलीपण. पहिल्यांदा रडताना पाहिली मी तिला. तिला चौदा हवे होते, माझ्यापेक्षा, आईपेक्षा किती तरी जास्त हवे होते. रडता रडताच म्हणाली, "लिहा तेरा."

लिहिले.

२० एप्रिल, सोमवार

हेडबाईंसमोर पेपर ठेवला. सगळं सांगितलं, मागचं पान, पाचवा प्रश्न, सगळं. त्यांनी चष्मा काढून पाचवा प्रश्न दोनदा पाहिला.

"स्वतः दाखवलं तिने?"

"स्वतः."

एका मार्काची सवलत त्यांच्या हातात असते. मागितली. "एकीला दिली की उद्या यादीतले बाकीचे सहाही दारात उभे राहतील, वैद्यबाई. त्यांना काय सांगू?" त्या सहांची नावंही मीच दिली होती.

मग लिहून आणलेला अर्ज पुढे केला. जूनमध्ये फेरपरीक्षा घ्या, सातही जणांची. मे महिनाभर मी शिकवते. पेपर दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांकडून तपासून घ्या.

"आणि पुढच्या वर्षी दहावीत यांच्यामुळे निकाल पडला तर? तुकडी गेली तर? तुम्ही दोन वर्षांत रिटायर व्हाल. कांबळे सरांना तुम्ही सांगाल का?"

मी अर्ज आणखी पुढे सरकवला. अर्ज त्यांनी टेबलावर ठेवून घेतला, सही केली नाही. शुक्रवारपर्यंत कळवते म्हणाल्या. तोवर दाखला अडवून धरा म्हटलं, तेवढं मान्य केलं.

जिन्यात कांबळे सर भेटले. त्यांना सगळं आधीच कळलेलं. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "बाई, माझ्यासाठी थांबू नका." असं म्हणणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत बघवत नाही.

२४ एप्रिल, शुक्रवार

अकराला गेले. हेडबाई संस्थेच्या मीटिंगला गेलेल्या, दुपारी येतील म्हणाला शिपाई. अर्ज टेबलावर तसाच, वर पेपरवेट.

खाली आले तर नववी बच्या वर्गाचं दार उघडं. शाळेला सुट्टी लागलेली, बाक एका बाजूला ओढून ठेवलेले, आणि सायली एक बाक खिडकीशी घेऊन बसलेली. शाळेचा ड्रेस नाही, घरचाच पंजाबी.

"बाई, झाली सही?"

"नाही."

"होईल?"

"माहीत नाही गं."

तिने मान हलवली. आई परवा गावाला निघायचं म्हणतेय, ती म्हणाली. तिकिटं काढलीयेत. ती नाही गेली तर तिला इथे मावशीकडे राहावं लागेल. मग वही माझ्याकडे सरकवली. पाचवा प्रश्न पुन्हा उतरवून घेतलेला, नुसतीच दोन समीकरणं, खाली पान कोरं.

"हा आता मुळापासून," म्हणाली.

मी दुसरा बाक ओढला. साडेबारापर्यंत बसलो. पाचवा सुटला, दोन्ही चिन्हांसकट. त्याच्यासारखे आणखी दोन घातले. एक सुटला, एक अजून अडलाय.